वजनाची बातमी, कॅन्सरची भीती आणि पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून:

"मी 54 वर्षांची आहे. उंची 158 सेंटिमीटर, वजन 82 किलो. महिन्यापूर्वी बातमी वाचली की जाड लोकांना 13 प्रकारचे कॅन्सर होतात आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका सातपट असतो. माझी आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, तीपण अंगाने भरलेली होती, सगळे म्हणतात मी आईच्याच अंगावर गेलेय. तेव्हापासून झोप उडालीये, रात्रभर मोबाईलवर तेच वाचत बसते. दिवसातून तीन-चारदा वजन करते. रात्रीचं जेवण बंद केलं, मग दीड वाजता उठून किचनमध्ये लाईट न लावता उभ्याने खाते आणि रडते. मुलगी 24 वर्षांची, तीपण जाड आहे, तिच्या ताटाकडे बघून माझ्या तोंडून काहीतरी निघतं आणि ती उठून जाते. आई स्वतःच्या चुकीने गेली का? मीपण तशीच जाणार का? पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. मध्ये दोन-तीनदा थोडा डाग दिसला पण ते टेन्शनचं असेल, गेल्या वर्षीची पॅप टेस्ट नॉर्मल होती. डॉक्टरकडे जावंसं वाटत नाही, गेलं की पहिलं वाक्य वजनावरच असतं. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला वेगळं दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, कारण सदर यायला आठवडा लागतो आणि एक गोष्ट आठवडाभर थांबण्यासारखी नव्हती. तीच इथेही पहिली लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कितीतरी जणींनी ती मनात दाबून ठेवली असेल. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून थोडंसं जरी रक्त गेलं, अगदी एक डाग, गुलाबी, तपकिरी, कसाही, तरी तो डॉक्टरला दाखवायचा. टेन्शनचा म्हणून सोडायचा नाही, उष्णता म्हणून नाही, पुन्हा आला तर बघू असंही नाही.

आता लगेच पुढचं वाचा, इथेच थांबून घाबरून जाऊ नका. अशा रक्तस्रावाची तपासणी झालेल्या बायकांचे जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तर दर 100 जणींमध्ये साधारण 9 जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, म्हणजे 90 च्या वर बायकांमध्ये तो नसतो. त्यांच्यात कारण दुसरंच निघतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते, एखादा पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटासा कोंभ असतो, अस्तर जाड झालेलं असतं (ते वेळेत बऱ्याचदा औषधाने आटोक्यात आणता येतं), कधी चालू असलेल्या हार्मोनच्या गोळीचा परिणाम असतो. आणि ज्यांना कॅन्सर असतो त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणींना असा डाग दिसलेला असतो, हा कॅन्सर बहुतेक वेळा स्वतःहून सांगून येतो, आणि म्हणून तो लवकर सापडतो. गर्भाशयाच्या बाहेर पसरायच्या आत सापडला तर अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास आहे. तुम्ही महिनाभर ज्या रोगाच्या बातम्या रात्री वाचताय, त्याची खूण तुम्हाला दिसली आणि तुम्ही ती पत्राच्या शेवटी, शेवटून तिसऱ्या वाक्यात, "पण" लावून लिहिलीत, हे वाचून मला खरंच पोटात गोळा आला. रागावत नाहीये हं. भीती अशीच वागते, ती आपल्याला तिथे बघायला लावते जिथे काहीच करता येत नाही, आणि जिथे करता येतं तिथून नजर काढून घेते.

पॅप टेस्टचं स्पष्ट करते, कारण हा गोंधळ भल्याभल्या शिकलेल्या बायकांचा होतो. पॅप टेस्ट असते गर्भाशयाच्या तोंडाची. तिथला कॅन्सर वेगळा, तो जवळपास सगळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, आणि वजनाच्या त्या 13 च्या यादीत तो नाहीच. यादीत आहे तो गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा. पॅप नॉर्मल आली म्हणजे तोंड ठीक आहे एवढंच कळलं, आतल्या अस्तराबद्दल त्यातून निर्धास्त होता येत नाही. त्याला आतून करायची सोनोग्राफी लागते, त्यात अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या बाईत ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी, 1 टक्क्याच्याही खाली. जास्त असेल, किंवा कमी असूनही डाग येतच राहिले, तर अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात, बायोप्सी म्हणतात तिला. बऱ्याचदा ती ओपीडीतच होते, पाळीत दुखतं तशी कळ येते थोडा वेळ, आणि घरी जाता येतं. बायोप्सी हा शब्दच लोकांना निकालासारखा ऐकू येतो, पण ती फक्त तपासणी आहे.

आणि याच्याच जोडीने एक काम. आईंचे जुने कागद घरात कुठे असतील तर काढा. "गर्भाशयाचा कॅन्सर" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यांचा अस्तराचा होता की तोंडाचा होता यावर तुमच्यासाठी त्याचा अर्थ किती बदलतो बघा. तोंडाचा असेल तर तुम्ही जी साखळी मनात जोडलीये, आई जाड, मी जाड, आईला झाला, मला होणार, ती साखळी तिथेच तुटते. अस्तराचा असेल तर डॉक्टरला तसं सांगा, आणि आईंच्या बाजूच्या नात्यात आणखी कुणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला का, खासकरून पन्नाशीच्या आत, तेही सांगा. काही घराण्यांत लिंच सिंड्रोम नावाचा जीनमधला दोष चालत येतो, त्यात हे दोन कॅन्सर एकत्र दिसतात, आणि तो वजनाने येत नाही. बहुतेक घरांत तो नसतो, पण विचारायला दोन मिनिटं लागतात आणि कळलं तर तुमच्या मुलीलाही त्याचा उपयोग होतो.

आता ती बातमी. मी तिला खोटं म्हणणार नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून गोड बोलणंही मला जमणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी, फ्रान्समधल्या ल्यों शहरात. 2016 मध्ये त्यांच्या तज्ज्ञांनी हजारापेक्षा जास्त अभ्यास चाळून सांगितलं की शरीरात जास्तीची चरबी नसेल तर 13 प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी असतो, आणि याला पुरेसा पुरावा आहे. 2002 मध्ये याच संस्थेने पाच सांगितले होते. म्हणजे हे कुणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. पण "पुरेसा पुरावा" याचा अर्थ "संबंध आहे याची आमची खात्री आहे" एवढाच, संबंध किती मोठा आहे ते त्यात सांगितलेलं नसतं, आणि बातमी लिहिताना नेमकी हीच जागा निसटते. 13 नावं एका ओळीत आली की वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांचा धोका सारखाच वाढलाय. तसं नाहीये. थायरॉईड आणि अंडाशयाच्या बाबतीत बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 5 ने वाढला तर धोका साधारण 10 टक्क्यांनी वाढतो, मोठ्या आतड्याच्या बाबतीत जाड माणसाचा धोका साधारण 30 टक्क्यांनी जास्त, किडनी आणि लिव्हरच्या बाबतीत दुपटीच्या आसपास. सगळ्यात वर आहे तो गर्भाशयाचं अस्तर, आणि ते "सातपट" तिथलंच.

पण सातपट कुणाला? ज्यांचा बीएमआय 40 किंवा त्याच्या वर आहे त्यांना. तुमचा मी काढला, 82 भागिले 1.58 चा वर्ग, म्हणजे 33 च्या जरा खाली. तुमच्या उंचीला 40 गाठायला जवळपास 100 किलो वजन लागेल. तुम्ही महिनाभर दुसऱ्याच्या आकड्याने घाबरताय. तुमच्यासारख्या वजनात हा धोका दोन ते चारपट धरतात. तोही कमी नाही, मान्य, पण मग पुढचा प्रश्न विचारायचा जो बातमीत कधीच नसतो, कशाच्या दोन ते चारपट? अमेरिकेत, जिथे हा कॅन्सर बऱ्यापैकी आढळतो, तिथे 100 बायकांमध्ये जन्मभरात साधारण 3 जणींना तो होतो. त्यात जाड, बारीक सगळ्या आल्या. समजा बारीक बायकांचा आपण 2 धरला आणि तुमच्यासाठी तिप्पट केली, तर होतात 6. म्हणजे तुमच्यासारख्या 100 बायका एका हॉलमध्ये बसवल्या तर त्यातल्या 94 जणींना तो जन्मात होणार नाही. "तिप्पट" वाचताना 94 डोळ्यासमोर येत नाहीत, तिप्पट वाचताना आपण स्वतःच दिसतो, पलंगावर, आईसारख्या. हा हिशोब वहीत एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघा, 100 टिंबं काढा आणि 6 टिंबांना गोल करा. मी खरंच सांगतेय, करून बघा, मोबाईलवर वाचलेल्या आकड्यापेक्षा हाताने काढलेलं टिंब मनाला जास्त पटतं.

चरबीचा आणि कॅन्सरचा संबंध येतो कुठून हेही सांगते, कारण माझा अनुभव असा की कारण कळलं की भीतीला एक आकार येतो आणि आकार आला की ती जरा लहान होते. चरबी म्हणजे अंगावर नुसतं साठलेलं ओझं नसतं, ती काम करत असते. पाळी गेली की अंडाशय इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवणं जवळपास बंद करतात, पण चरबीच्या पेशींत अॅरोमाटेझ नावाचं एन्झाईम असतं, ते दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करत राहतं. पूर्वी दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन येऊन अस्तराला आवरायचं, आता ते येत नाही, त्यामुळे अस्तराला वाढ म्हणून सांगणारं कुणीतरी आहे आणि थांब म्हणणारं नाही. पाळीनंतरचा ब्रेस्ट कॅन्सर यादीत आहे तोही बराचसा याच इस्ट्रोजेनमुळे. शिवाय चरबी जास्त असली की इन्सुलिन वाढलेलं राहतं, त्याने पेशींना वाढायचा इशारा मिळतो, आणि शरीरात बारीक बारीक सूज कायम धुमसत राहते. एवढंच आहे ते. यात कुठेही "ही बाई आळशी होती" असं लिहिलेलं नाहीये.

म्हणून आईंचा प्रश्न. "आई स्वतःच्या चुकीने गेली का?" हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. ताई, एका माणसाला कॅन्सर कशामुळे झाला हे बहुतेक वेळा जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. हे आकडे लाखो लोकांच्या जमावाचे असतात, जमावात एवढे जास्त झाले हे ते सांगतात, पण त्या जास्तीतल्या तुमच्या आई होत्या की जे असेही होणारच होते त्यातल्या होत्या, हे सांगायची सोयच त्या आकड्यांत नाही. बारीक बायकांनाही हा कॅन्सर होतो. आणि वजन तरी कुठे सगळं हातात असतं? जुळ्या भावंडांवरचे अभ्यास बघितले तर माणसा-माणसातल्या वजनाच्या फरकात साधारण 40 ते 70 टक्के वाटा जीन्सचा निघतो. आईंचं अंग तुम्हाला मिळालं तसं त्यांना त्यांच्या आईकडून मिळालं असेल. त्यांची आठवण काढताना एखादी बातमी मध्ये आणून बसवू नका, त्या आजारी होत्या आणि तुम्ही त्यांची लेक होतात, तेवढंच खरं आहे.

आता डॉक्टरकडे जावंसं वाटत नाही हे. हे मी जवळून बघितलंय. माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तिला दम लागायचा, पायऱ्या चढताना मध्येच भिंतीला हात लावून उभी राहायची. दाखवायला गेली तर समोरच्याने मान वर न करता सांगितलं, आधी वीस किलो कमी करा मग बोलू. ती बाहेर आली, चप्पल घातली, आणि पुढची चार वर्षं कुठल्याच दवाखान्यात गेली नाही, मला म्हणाली वीस किलो कमी झाले की जाईन. शेवटी मी तिला अक्षरशः ओढून दुसरीकडे नेलं, साधी रक्ताची तपासणी झाली, हिमोग्लोबिन 7 निघालं. चार वर्षं बाई रक्त कमी असताना जिने चढत होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. तिच्या वजनाचं कुणी बोलूच नये असं मी म्हणत नाही, पण तिचा दम आधी बघायला हवा होता. असे अनुभव आलेल्या जाड बायका तपासण्यांनाही कमी जातात हे संशोधनातही दिसलंय, गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीबाबत तर बऱ्याच ठिकाणी. म्हणजे बघा, धोका एकीकडून वजनाने वाढतो आणि दुसरीकडून अपमानाने.

तर तुम्ही जाताना एक चिठ्ठी लिहून न्या. तोंडी बोलायला गेलं की रडू येतं किंवा आपण "तसं विशेष काही नाही" असं म्हणून बसतो. चिठ्ठीत पहिलंच वाक्य: "पाळी बंद होऊन अडीच वर्षं झाली, त्यानंतर दोन-तीनदा रक्ताचा डाग दिसला, त्याचं कारण शोधायचं आहे." खाली तारखा, आठवतील तेवढ्या. आईंचा आजार आणि वय. चालू गोळ्यांची नावं, कारण काही औषधांनी अस्तर जाड होतं आणि काहींनी वजन वाढतं. समोरून वजनाचं आलंच तर रागावू नका आणि खालीही बघू नका, सरळ म्हणा, "वजनाचं मला बोलायचंच आहे, पण आज आधी या डागाचं बघूया." आणि काट्यावर उभं राहायचीच धास्ती असेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं, त्यांना आकडा लिहून घेऊ द्या, तुम्हाला तो ऐकायची सक्ती नाही. डागाची तपासणी न करता नुसता वजनाचा सल्ला देऊन कुणी परत पाठवलं तर दुसरा डॉक्टर गाठा, त्याच आठवड्यात.

वजनाचं काय करायचं, ते डागाच्या नंतर. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून परत सांगितलं. आणि तोपर्यंत तो काटा बाथरूममधून काढून कुणाकडे तरी देऊन टाका. दिवसातून चारदा वजन करून तुम्ही चरबी मोजत नाही आहात, पाणी मोजताय, दिवसभरात खाण्यापिण्याने आणि लघवीने वजन किलो-दीड किलो सहज वरखाली होतं. अंघोळीनंतर ओल्या पायांनी काट्यावर चढून 300 ग्रॅम वाढलं म्हणून पूर्ण सकाळ खराब करणारी बाई मला तुमच्या पत्रात दिसली (तुम्ही ओल्या पायांचं लिहिलं होतंत, मी वर ते गाळलं), आणि ते ओले पाय डोक्यातून जात नाहीयेत.

रात्रीचं जेवण आजपासून चालू करा. बसून, लाईट लावून, सगळ्यांबरोबर. दीड वाजता उभ्याने खाणं हे तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही, रात्री उपाशी ठेवलेलं शरीर दुसरं करणार काय. वजन झपाट्याने उतरवलं की शरीर भूक वाढवणारे हार्मोन वर नेतं आणि पोट भरल्याचं सांगणारे खाली आणतं, आणि एका अभ्यासात हे वर्ष झाल्यावरही तसंच राहिलेलं दिसलं. म्हणून उपाशी राहून भीतीने उतरवलेलं वजन परत येतं, बहुतेकांचं येतं, आणि येताना लाज घेऊन येतं.

करायचंच तर किती? इथे एक चांगली गोष्ट आहे आणि ती बातम्यांत येत नाही म्हणून मला राग येतो. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांवर एक मोठा अभ्यास झाला, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, त्यातल्या 36 हजारांवर बायकांची वजनं तीन वर्षांच्या अंतराने बघितली आणि मग पुढे सरासरी अकरा वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचं वजन 5 टक्के किंवा जास्त उतरलं होतं त्यांच्यात अस्तराचा कॅन्सर 29 टक्क्यांनी कमी दिसला. हा फक्त बघून नोंद केलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय वजनालाच देता येणार नाही, पण तुमच्या 82 किलोचे 5 टक्के म्हणजे चार किलो हो. तीस नाही, "आदर्श वजन" नाही. चार किलो, वर्षभरात, न रडता. त्याने जमत नसेल तर वजनाची औषधं आहेत, ऑपरेशन आहे, ज्यांचं वजन खूप जास्त आहे त्यांच्यात ऑपरेशननंतर वजनाशी संबंधित कॅन्सर कमी झालेले मोठ्या अभ्यासांत दिसलेत. तो पर्याय विचारण्यात कमीपणा काही नाही, तुमच्या बीएमआयला तो लागू पडतो का हे डॉक्टर सांगतील.

आणि काट्यावर काहीच हललं नाही तरी चालण्याचा उपयोग होतो. 2016 मध्ये अमेरिका आणि युरोपातले बारा मोठे अभ्यास एकत्र करून 14 लाखांवर लोकांची माहिती तपासली होती, त्यात फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांमध्ये 13 कॅन्सर (योगायोगाने इथेही 13 च, पण यादी थोडी वेगळी) कमी दिसले आणि त्यातले बहुतेक संबंध वजन जास्त असलं तरी टिकले. आठवड्याला दीडशे मिनिटं जरा भरभर चालणं, जमेल तसं तुकड्यातुकड्यांत. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद करणं हे कॅन्सरच्या हिशोबात वजनापेक्षा मोठं काम आहे, अमेरिकेतल्या एका मोजणीत एकूण कॅन्सरपैकी 19 टक्के सिगारेटशी जोडले गेले आणि जास्तीच्या वजनाशी 8 टक्क्यांच्या आसपास. दारूचाही त्यात वाटा आहे, वजनापेक्षा थोडा कमी.

एक उलटी गोष्ट सांगून ठेवते. काहीही न करता वजन आपोआप उतरायला लागलं, कपडे ढिले व्हायला लागले, तर खूश होऊन बसायचं नाही, तेही दाखवायचं. जाड माणसाचं वजन आपोआप घटलं की आजूबाजूचे कौतुक करतात आणि त्यात महिने निघून जातात.

मोबाईलचं मी तुम्हाला "वाचू नका" असं सांगणार नाही, तुम्ही वाचणारच. फक्त रात्री नाही. दुपारी चार वाजता, टेबलाशी बसून, पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक बातमीला तीन प्रश्न वहीत लिहून विचारा: कुणाशी तुलना केलीये, मुळात 100 मध्ये किती जणांना होतो, आणि माझं वय-वजन त्या गटात बसतं का. तिन्हीची उत्तरं बातमीत नसतील, बहुतेक वेळा नसतातच, तर ती बातमी तुमच्याबद्दल काही सांगत नाहीये असं समजून पान उलटा. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. आणि इतकं करूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, तर त्याच डॉक्टरला तेही सांगा, भीतीलाही उपचार असतात, आणि आई गेल्यावर तुम्ही कुणापाशी मोकळेपणाने रडला असाल असं मला पत्रावरून वाटलं नाही.

राहिली मुलगी. तिला आकडे सांगू नका, तिच्या ताटाबद्दल एक शब्दही नको, चांगला पण नको. वजनावरून बोलणी खाल्लेली मुलं पुढे बारीक होत नाहीत, लपून खायला शिकतात, तुम्हाला हे कुणी सांगायला नको, तुम्ही रात्री दीड वाजता तेच करताय. तिला दोन गोष्टी कळायला हव्यात. आजीला काय झालं होतं, नीट नावासकट. आणि आई महिनाभर का चिडत होती. "मी तुझ्यावर नव्हते चिडले, मला भीती वाटत होती" एवढं म्हणा, बाकीचं ती विचारेल.

माझ्या दोन ओळींना तुमचं उत्तर काल रात्री आलं, शुक्रवारची सकाळची वेळ मिळालीये म्हणून. तुम्ही विचारलंत एकटी जाऊ का. नाही. मुलीलाच घेऊन जा. ती चिठ्ठी तिच्या हातात द्या, तुम्हाला बोलता नाही आलं तर ती वाचून दाखवेल. आणि शुक्रवारपर्यंत परत डाग दिसला तर तारीख लिहून ठेवा, जास्त जायला लागलं, पॅड भिजेल इतकं, तर शुक्रवारची वाट न बघता त्याच दिवशी जा.